एमआरच्या बॅगेकडून नमुन्यांच्या पेटीकडे

दुपारी दोनच्या सुमारास, बाह्यरुग्णांची गर्दी ओसरल्यावर, जालना शहरातील कोणत्याही मोठ्या दवाखान्यात डोकावले तर बाकावर डॉक्टरांची वाट पाहत बसलेले दोन प्रकारचे तरुण दिसतात. एकाच्या बॅगेत औषधांची माहितीपत्रके आणि सॅम्पल असतात. दुसऱ्याच्या हाती चाचण्यांचे दरपत्रक आणि थकीत बिलांची यादी असते. पहिला औषध कंपनीचा वैद्यकीय प्रतिनिधी, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेला 'एमआर'. दुसरा निदान प्रयोगशाळेचा 'अकाउंट मॅनेजर'. हा दुसरा तरुण काही वर्षांपूर्वी त्याच बाकावर पहिल्याच्या जागी बसत असे, असेही अनेकदा आढळते.

या पदाच्या नावाने घरच्यांची हमखास फसगत होते. अकाउंट म्हणजे हिशेबाचे काम, अशी त्यांची समजूत होते. येथे 'अकाउंट' म्हणजे प्रयोगशाळेला नियमितपणे नमुने पाठविणारा ग्राहक होय. एखादे रुग्णालय, खासगी दवाखाना, छोटी लॅब, संकलन केंद्र किंवा कामगारांची वार्षिक तपासणी करून घेणारा कारखाना यांपैकी प्रत्येक जण एक अकाउंट. तो मिळविणे, टिकविणे, त्याच्या तक्रारी निस्तरणे आणि त्याच्याकडून पैसे वसूल करणे अशी चारही कामे एकाच माणसाकडे येतात. औषधविक्रीत यातील पहिल्या दोन कामांची सवय झालेली असते. पुढची दोन कामे मात्र बहुतेकांना नवीन असतात आणि या नोकरीत टिकणार कोण, हे त्यावरच ठरते.

ओळख कामाला येते, पण किती?

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी औरंगाबाद जिल्ह्यातून वेगळा झाला आणि परभणी जिल्ह्यातील परतूर त्यास जोडण्यात आले. आज जिल्ह्यात आठ तालुके असून २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या १९ लाख ५९ हजार इतकी आहे. बियाणे आणि पोलाद या दोन उद्योगांमुळे शहराचे नाव देशभर झाले असले तरी वैद्यकीय सेवेची रचना मात्र एककेंद्री राहिली. तज्ज्ञ डॉक्टर प्रामुख्याने जालना शहरात, त्याखालोखाल अंबड, भोकरदन, परतूर अशा तालुक्यांच्या गावी आणि गंभीर रुग्ण छत्रपती संभाजीनगरला, असा हा क्रम आहे. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातील देऊळगाव राजा, सिंदखेड राजा या भागांतूनही रुग्ण जालन्याला येतात.

या भूगोलाची एमआरला पाठांतरासारखी सवय असते. कोणत्या दिवशी मंठा, कोणत्या दिवशी घनसावंगी, कोणता डॉक्टर सकाळी भेटतो आणि कोणता रात्री नऊनंतर, राजूरला चतुर्थीच्या दिवशी गाडी कुठे अडकते, हे सारे त्याच्या टूर प्लॅनमध्ये आणि त्याहून अधिक डोक्यात असते. प्रयोगशाळांना नेमकी हीच माहिती हवी असते. नवख्या पदवीधराला डॉक्टरांच्या केबिनमध्ये प्रवेश मिळण्यास वर्ष जाते. जुन्या एमआरला कंपाउंडर नावाने ओळखतो. त्यामुळे नोकरी मिळताना ओळखीचे मोल मोठे असते, यात शंका नाही.

तथापि ही ओळख पहिल्या भेटीपुरतीच पुरते. औषध न चालल्यास डॉक्टर पुढच्या वेळी दुसऱ्या कंपनीचे नाव लिहितो आणि एमआरला त्याचा पत्ता महिनाअखेरीस, औषध दुकानातील चौकशीतून लागतो. रात्री अकरा वाजता अतिदक्षता विभागातील रुग्णाचा पोटॅशियमचा अहवाल आला नाही, तर डॉक्टर अकाउंट मॅनेजरच्या मोबाइलवर फोन करतो. तेथे जुनी ओळख उपयोगी पडत नाही. उलट, ओळख आहे म्हणूनच बोलणी अधिक कडक असतात.

माल नव्हे, नमुना

दोन्ही व्यवसायांतील मूळ फरक येथे आहे. औषधाची गोळी कारखान्यात तयार होते आणि स्टॉकिस्टकडून दुकानात, दुकानातून रुग्णाकडे जाते. एमआरच्या हातून तिच्या गुणवत्तेत काही बिघडण्याचा संभव नसतो. प्रयोगशाळेचा 'माल' मात्र रुग्णाच्या शरीरातून निघतो आणि तालुक्यातून शहरात, शहरातून संभाजीनगरला, काही विशेष चाचण्यांसाठी तेथून पुढे पुण्या-मुंबईला असा उलट्या दिशेने प्रवास करतो. तो वाटेत बिघडू शकतो. प्रयोगशाळेच्या चुकांपैकी निम्म्याहून अधिक चुका यंत्रात नव्हे, तर नमुना यंत्रापर्यंत पोहोचण्याआधीच घडतात, असे या क्षेत्रातील अभ्यासांनी वारंवार दाखविले आहे. हा 'यंत्राआधीचा' टप्पा म्हणजेच अकाउंट मॅनेजरचा मुलूख होय.

काही उदाहरणे पाहिल्यास कल्पना येईल. साखरेच्या तपासणीसाठी रक्त करड्या झाकणाच्या, फ्लोराइडयुक्त नळीत घ्यावे लागते. साध्या नळीत घेतल्यास रक्तपेशी साखर वापरत राहतात आणि सामान्य तापमानात दर तासाला तिची पातळी साधारण पाच ते सात टक्क्यांनी घसरते. उन्हाळ्याच्या दिवसांत ती त्याहून वेगाने घसरते. भोकरदनला सकाळी आठला घेतलेला असा नमुना दुपारी एकला पोहोचला, तर मधुमेही रुग्णाची साखर कागदावर 'आटोक्यात' दिसू शकते. सीबीसीसाठी जांभळ्या झाकणाची, ईडीटीए असलेली नळी लागते. त्या नळीतील रक्त चुकून दुसऱ्या नळीत ओतले गेले, तर पोटॅशियम खोटेच वाढलेले आणि कॅल्शियम खोटेच घटलेले येते. रक्त गोठण्याच्या चाचणीसाठीच्या निळ्या नळीत नऊ भाग रक्तास एक भाग सायट्रेट हे प्रमाण सांभाळावे लागते. नळी अर्धी भरली की अहवाल चुकलाच.

सर्वांत फसवा भाग शीतपेटीचा आहे. 'थंड ठेवले म्हणजे सुरक्षित' असे सर्वांनाच वाटते. प्रत्यक्षात सिरम वेगळे न करता अख्खे रक्त बर्फात ठेवले, तर पेशींतील पोटॅशियम बाहेर पडून अहवाल बिघडतो. त्यासाठी नळी शक्यतो दोन तासांच्या आत सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून सिरम वेगळे करणे आणि मग ते दोन ते आठ अंश तापमानात पाठविणे हा मार्ग आहे. ब्लड कल्चरची बाटली तर फ्रीजमध्ये ठेवायचीच नसते. मंठ्याच्या एखाद्या दवाखान्याकडून नियमित नमुने हवे असतील, तर तेथे सेंट्रिफ्यूज आहे काय, दुपारी वीज किती वेळ जाते आणि नमुना उचलणारा मुलगा किती वाजता पोहोचतो, हे प्रश्न दरपत्रकाच्या आधी येतात.

औषधांची माहितीपत्रके पाठ केलेल्या एमआरला हे शिकणे अवघड नसते. शरीरशास्त्र आणि औषधशास्त्राची तोंडओळख त्याला असतेच. अडचण वृत्तीची असते. औषधविक्रीत 'नाही' म्हणायचे नसते, असे शिकविले जाते. येथे मात्र फुटलेल्या पेशींचा लालसर झालेला नमुना नाकारून 'पुन्हा रक्त घ्यावे लागेल' असे डॉक्टरांना सांगावे लागते. साठ किलोमीटरवरून आलेला रुग्ण गावी परत गेलेला असतो, डॉक्टर संतापतात आणि समोरची स्पर्धक लॅब तोच नमुना विनातक्रार स्वीकारण्यास तयार असते. अशा वेळी नकार पाळणारा अकाउंट मॅनेजर त्या महिन्याचे उद्दिष्ट गमावू शकतो. नमुना स्वीकारल्यास चुकीच्या आकड्यावर उपचार होतात आणि ते ज्याच्यावर होतात, तो रुग्ण या साऱ्या व्यवहारात कोठेच हजर नसतो.

डेंग्यूच्या हंगामात याचा प्रत्यय येतो. पावसाळ्यानंतर तापाचे रुग्ण वाढले की चाचण्यांची मागणी अचानक चढते. एनएस१ ही चाचणी तापाच्या पहिल्या पाचएक दिवसांत उपयोगी असते, तर आयजीएम प्रतिपिंडे त्यानंतर दिसू लागतात. आठव्या दिवशी केवळ एनएस१ पाठवून ती निगेटिव्ह आली की 'तुमची लॅब चुकते' अशी तक्रार येते. ताप कधीपासून आहे, हे मागणीपत्रावर लिहून घेण्याची सवय डॉक्टरांच्या कर्मचाऱ्यांना लावणे हे अकाउंट मॅनेजरचेच काम. त्यासाठी कोणताही इन्सेन्टिव्ह नसतो.

वसुलीचे प्रकरण

एमआरचा पैशांशी थेट संबंध क्वचितच येतो. तो व्यवहार स्टॉकिस्ट आणि दुकानदार यांच्यात होतो. प्रयोगशाळेचा अकाउंट मात्र बहुधा महिन्याच्या उधारीवर चालतो. रुग्णालय रुग्णाकडून चाचणीचे पैसे लगेच घेते आणि प्रयोगशाळेला तीस, साठ, कधी नव्वद दिवसांनी देते. शेतीवर चालणाऱ्या बाजारपेठेत कापूस-सोयाबीनचे पैसे हाती येईपर्यंत गावाकडचा दवाखानाही उधारीतच असतो. अशा वेळी कालपर्यंत ज्यांच्यापुढे अदबीने उभे राहिलो, त्या डॉक्टरांकडे थकबाकीचा विषय काढणे भल्याभल्या एमआरना जड जाते. पण विक्रीचा आकडा पैसे जमा झाल्यावरच धरायचा, असा अनेक ठिकाणचा शिरस्ता असल्याने यातून सुटका नाही.

आणखी एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. बाहेरून आलेल्या मोठ्या साखळीचा प्रतिनिधी स्थानिक पॅथॉलॉजिस्टकडे प्रतिस्पर्धी म्हणून पाहू लागला, तर तो निम्मी बाजारपेठ गमावून बसतो. गावातील लॅब रोजच्या चाचण्या स्वतः करते आणि संप्रेरके, ॲलर्जी, जनुकीय तपासण्या, काही बायोप्सी यांसाठी मोठ्या प्रयोगशाळेवर अवलंबून असते. या 'लॅब टू लॅब' व्यवसायात स्थानिक पॅथॉलॉजिस्ट हाच सर्वांत जाणकार ग्राहक असतो. शासकीय रुग्णांचा भाग मात्र या बाजारपेठेत धरता येत नाही. शासकीय रुग्णालये आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांतील चाचण्या मोफत व्हाव्यात म्हणून राज्य शासनाने २०१७ मध्ये एचएलएल लाइफकेअर या केंद्र सरकारच्या कंपनीमार्फत 'महालॅब' ही योजना सुरू केली. जालन्यात २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले.

'कट'चा प्रश्न

जुन्या एमआरला नव्या नोकरीत पहिल्याच आठवड्यात विचारला जाणारा प्रश्न कोणता, हे सांगण्यास ज्योतिषी नको : 'आमचे काय?' रुग्ण किंवा नमुना पाठविल्याबद्दल डॉक्टरांना मिळणारे कमिशन, म्हणजेच 'कट', हे या व्यवसायाचे जुने दुखणे आहे.

नियम याबाबत संदिग्ध नाहीत. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या व्यावसायिक आचारसंहितेतील कलम ६.४ रुग्ण पाठविण्याच्या मोबदल्यात कमिशन देण्या-घेण्यास मनाई करते आणि हीच मनाई निदानासाठी पाठविल्या जाणाऱ्या नमुन्यांनाही लागू असल्याचे त्याच कलमात स्वतंत्रपणे म्हटले आहे. डिसेंबर २००९ च्या दुरुस्तीने औषध कंपन्यांच्या भेटवस्तू आणि सहलींवरही बंदी आली. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये नवी नियमावली आणली, पण त्याच महिन्यात ती स्थगित केली आणि २००२ चे नियम पुन्हा लागू झाले. महाराष्ट्रात माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१७ मध्ये कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदा तयार केला होता, पण त्याचा कायदा झाला नाही.

औषधविक्रीच्या बाजूला मात्र दोर आवळला गेला आहे. डॉक्टरांना दिलेल्या भेटवस्तूंचा खर्च कंपन्यांना प्राप्तिकरातून वजा करता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २२ फेब्रुवारी २०२२ रोजी ॲपेक्स लॅबोरेटरीज प्रकरणात दिला. १२ मार्च २०२४ रोजी आलेल्या औषध विपणन संहितेने भेटवस्तूंना मज्जाव केला. सॅम्पलवरही मर्यादा आली : एका डॉक्टरला एका औषधाची वर्षाला बारापेक्षा अधिक सॅम्पल पाकिटे देता येत नाहीत आणि सर्व सॅम्पलचे मूल्य कंपनीच्या देशांतर्गत वार्षिक विक्रीच्या दोन टक्क्यांहून अधिक असता कामा नये. ही संहिता औषध कंपन्यांसाठी आहे. त्यामुळे औषधविक्रीत जे करता येत नाही ते प्रयोगशाळेत चालते, असा सोयीचा समज काहींनी करून घेतलेला दिसतो. तो चुकीचा आहे, कारण डॉक्टरांवरील बंधन दोन्हीकडे तेच राहते.

सवलत आणि कट यांत फरक मात्र आहे. रुग्णालयाने घाऊक दराने चाचण्या घेतल्या, दर करारात लिहिला, बिल रुग्णालयाच्या नावे निघाले आणि पैसे बँकेतून आले, तर तो उघड व्यवहार झाला. रुग्णामागे ठरलेली रक्कम पाकिटातून कोणाच्या हाती जाते, ती कोणत्याही बिलावर दिसत नाही आणि ती पोहोचविणारे हात अकाउंट मॅनेजरचे असतात, तेव्हा त्याला कट म्हणतात. पाकीट नेणाऱ्याचे नाव कंपनीच्या कोणत्याही कागदावर नसते. उद्या प्रकरण उघडकीस आल्यास कंपनी हात झटकते आणि एवढ्याशा जिल्ह्यात नाव राहते ते त्या तरुणाचे.

पदनामातील मेख

नोकरी बदलताना पगाराकडे जेवढे लक्ष जाते, तेवढे नियुक्तिपत्रातील पदनामाकडे जात नाही. एमआरना १९७६ च्या विक्री संवर्धन कर्मचारी कायद्याचे संरक्षण होते. ठरावीक नमुन्यातील नियुक्तिपत्र, कामाच्या कालावधीच्या किमान एक-अकरांश इतकी पगारी अर्जित रजा आणि औद्योगिक विवाद कायद्यात कामगाराचा दर्जा त्यातून मिळत असे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रमसंहितांमध्ये हा कायदा विलीन झाला असून विक्री संवर्धन कर्मचारी ही व्याख्या तेथे कायम आहे. मात्र प्रामुख्याने व्यवस्थापकीय काम करणारे आणि दरमहा १८ हजार रुपयांहून अधिक वेतन घेणारे पर्यवेक्षक त्या व्याख्येतून वगळलेले आहेत. हाताखाली एकही माणूस नसलेला 'मॅनेजर' खरोखर व्यवस्थापक आहे काय, हे प्रत्यक्ष कामावरून ठरते. पण ते सिद्ध करण्याची पाळी वाद झाल्यावरच येते. त्यामुळे कामाचे स्वरूप, प्रवासभत्ता, रजा आणि बुडीत थकबाकी कोणाच्या माथी, हे नियुक्तिपत्रातच लिहून घेणे शहाणपणाचे. नोकरी सोडल्यानंतर स्पर्धकाकडे जाण्यास मनाई करणारी अट १८७२ च्या करार कायद्यातील कलम २७ नुसार निरर्थक ठरते. कंपनीची गोपनीय माहिती सोबत नेण्यास मात्र त्याने मुभा मिळत नाही.

मुलाखतीस जाण्यापूर्वी प्रयोगशाळेचीही परीक्षा घ्यावी. पहिली चौकशी अहवालावर सही कोणाची, ही. चाचणी अहवालावर पॅथॉलॉजीतील पदव्युत्तर पात्रता असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही असावी, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर २०१७ रोजी मान्य केली. महिन्यातून एकदा येणाऱ्या पॅथॉलॉजिस्टची स्कॅन केलेली सही वापरणाऱ्या ठिकाणी डॉक्टरांना काय सांगून चाचण्या विकणार? दुसरी चौकशी एनएबीएल मान्यतेची. आयएसओ १५१८९ या मानकानुसार मिळणारी ही मान्यता ऐच्छिक आहे आणि ती चाचणीनिहाय असते. दरपत्रकावर बोधचिन्ह छापले म्हणून त्यावरील प्रत्येक चाचणी मान्यताप्राप्त असते, असे नाही. मान्यतेची व्याप्ती एनएबीएलच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. तिसरी चौकशी नाकारल्या जाणाऱ्या नमुन्यांच्या नोंदवहीची. 'आमच्याकडे नमुने नाकारले जातच नाहीत' असे अभिमानाने सांगणाऱ्या प्रयोगशाळेपासून दूर राहिलेले बरे.

रुजू झाल्यानंतर पहिले दोन आठवडे डॉक्टरांना भेटण्याची घाई न करता एक दिवस नमुने स्वीकारण्याच्या टेबलाशी, एक दिवस रक्त घेणाऱ्या फ्लेबोटॉमिस्टसोबत आणि एक रात्र नमुने नेणाऱ्या गाडीत घालविता आली, तर ती मागून घ्यावी. परतूरहून निघालेली पेटी संभाजीनगरच्या यंत्रापर्यंत किती वाजता पोहोचते, वाटेत ती कोठे उघडली जाते आणि पहाटे तिच्यातील किती नळ्या बाजूला काढल्या जातात, हे त्या एका फेरीत दिसते.